केनाई फ्योर्ड्समधला एक दिवस: हिमनदी पाहावी की वन्यजीव?

विचारणा अशी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवसांसाठी अलास्कातल्या अँकरेजला जाणाऱ्या एका कुटुंबाला केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानासाठी एकच दिवस काढता येणार आहे. सोबत सत्तरीच्या घरातले आईवडील आहेत आणि आईंना बोट लागते. एवढ्या वेळात हिमनदी पाहावी की देवमासे आणि पक्षी, सहा तासांची सफर घ्यावी की आठ तासांची, आणि एक्झिट हिमनदीपर्यंत नुसते मोटारीने जाऊन परत आले तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. उद्यानाशेजारच्या सीवर्ड या बंदरगावाहून सुटणाऱ्या बोटींवर मी अनेक उन्हाळे निसर्ग-निवेदकाचे काम केले आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला बहुधा रोज विचारला जात असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हिमनदी आणि वन्यजीव हे दोन स्वतंत्र कार्यक्रम आहेत, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. या किनाऱ्यावर प्राणी जिथे आहेत तिथे ते बऱ्याच अंशी बर्फामुळे आहेत. समुद्राला भिडलेल्या हिमनदीच्या तळातून वितळलेले गोडे पाणी बाहेर पडते, खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते बर्फाच्या भिंतीलगत झपाट्याने वर चढते आणि येताना खोलातले पाणी, त्यातल्या सूक्ष्म जिवांसह, पृष्ठभागावर आणते. किटीवेक नावाचे पांढरेकरडे कुरव नेमके त्याच जागी घिरट्या घालताना दिसतात. हिमनदीपासून तुटलेल्या तरंगत्या तुकड्यांवर सीलच्या माद्या मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पिल्लांना जन्म देतात, कारण बर्फाच्या त्या गर्दीत शिरणे ओर्काला, म्हणजे सीलची शिकार करणाऱ्या काळ्यापांढऱ्या समुद्री सस्तन प्राण्याला, अवघड जाते. म्हणून मी सल्ला देतो तो हिमनदीच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या बोटीचा. त्या एका सफरीत दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात आणि त्यांचा परस्परसंबंधही समजतो.

उद्यानाची रचना लक्षात आली की बोटीची निवड सोपी होते. १९७८ मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला हा सुमारे २,७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे आणि त्याचा मोठा भाग हार्डिंग हिमक्षेत्राने झाकलेला आहे. १९२३ मध्ये अलास्का रेल्वेच्या पूर्ततेनिमित्त आलेल्या राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांचे नाव त्याला दिलेले आहे. या हिमक्षेत्रातून चाळीसच्या आसपास हिमनद्या चारही दिशांना उतरतात. त्यांपैकी मोजक्याच समुद्राला मिळतात आणि त्यांच्यापर्यंत रस्ता नाही. उद्यानात रस्त्याने पोहोचता येते ते फक्त एक्झिट हिमनदीच्या परिसरात. तिथे बर्फ दिसतो, परंतु समुद्र नाही, म्हणजे सील, पफिन हे समुद्रपक्षी आणि देवमासेही नाहीत.

सीवर्डच्या धक्क्यावरून ढोबळमानाने तीन प्रकारच्या सफरी निघतात. चार तासांच्या आतबाहेरची छोटी सफर रेझरेक्शन उपसागरातच फिरते. तीत पाणमांजरे, गरुड आणि नशीब असेल तर देवमासाही दिसतो, मात्र समुद्रात कोसळणारी हिमनदी दिसत नाही. बेअर हिमनदी लांबून दिसते, पण ती आता तिच्या पुढच्या सरोवरात संपते. सहा तासांची सफर अयालिक भूशिराला वळसा घालून अयालिक किंवा होलगेट हिमनदीपर्यंत जाते. आठ तासांहून अधिक वेळ घेणारी सफर आणखी पश्चिमेला नॉर्थवेस्टर्न फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीत, शिरते. मला स्वतःला ही शेवटची सफर सर्वांत प्रिय आहे, कारण १९०९ मध्ये ग्रँट आणि हिगिन्स या भूशास्त्रज्ञांनी या किनाऱ्याचा नकाशा केला तेव्हा जिथे जाड बर्फ होता, त्या जागेवरून आज बोट चालत जाते. हिमनदीने मागे सरताना सोडलेला हिमोढ, म्हणजे दगडमातीचा बांध, पाण्याखाली आडवा पडलेला आहे आणि तो ओलांडताना कप्तान वेग कमी करून खोलीमापकाकडे बघत राहतो. तरीही सत्तरीच्या मंडळींसाठी आणि विशेषतः बोट लागणाऱ्या व्यक्तीसाठी मी सहा तासांचीच सफर सुचवीन. आठव्या तासाला थकलेला माणूस देवमाशाकडे पाठ करून बसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

अँकरेजहून सीवर्ड सुमारे २०० किलोमीटर आहे. मोटारीने अडीच तास धरावेत. रेल्वेला चारेक तास लागतात आणि ती सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत फिरते. रेल्वेचा प्रवास अतिशय देखणा असला तरी एका दिवसात जाऊन येण्याचे ठरवले तर बोट मिळते ती रेल्वेच्या वेळेला जुळणारी, आणि उरलेला सगळा दिवस घड्याळाच्या ताब्यात जातो. शक्य असल्यास आदल्या रात्री सीवर्डला मुक्काम करावा आणि सकाळची बोट घ्यावी. जूनमध्ये तिथे सुमारे एकोणीस तासांचा दिवस असतो, त्यामुळे बोटीनंतरही हातात भरपूर उजेड उरतो.

बोट लागण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सफर बिघडण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. रेझरेक्शन उपसागर आणि अयालिक उपसागर हे दोन्ही डोंगरांच्या आडोशाला आहेत. खरा त्रास होतो तो त्या दोहोंमधल्या भूशिराजवळ, जिथे बोट अलास्काच्या आखाताच्या मोकळ्या लाटांना सामोरी जाते. हा टप्पा येताना आणि जाताना असा दोनदा लागतो. औषध घ्यायचे असल्यास ते निघण्यापूर्वी सुमारे तासभर घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगाची नसते. वडीलधाऱ्यांना इतर औषधे चालू असतील तर कोणती गोळी चालेल हे घरूनच डॉक्टरांना विचारून यावे. आईंना खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यापासून मागच्या बाजूला, बाहेर मोकळ्या हवेत उभे करावे आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगावे. त्या टप्प्यात दुर्बिणीतून पाहणे आणि फोनमध्ये डोके घालणे, दोन्ही टाळावे. रिकाम्या पोटी येऊ नये, तसेच भरपेट जेवूनही येऊ नये. बोट निवडताना दोन सांगाड्यांची मोठी कॅटामरान मिळाली तर ती कमी डोलते. एवढे करूनही समुद्र फारच खवळलेला असेल तर कप्तान भूशिरावरून बोट परत वळवतो. तसे झाले तर वाईट वाटून घ्यावे, परंतु त्याच्याशी वाद घालू नये.

आता प्रत्यक्ष पाण्यावरचा दिवस. बंदरातून बाहेर पडतापडताच पहिली भेट बहुधा समुद्री पाणमांजराची होते. ते उताणे तरंगत असते, पुढचे पंजे छातीवर आणि मागचे पाय पाण्याबाहेर काढलेले. देवमासे किंवा सील यांच्यासारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो. त्याची सगळी ऊब केसांत असते, आणि ते केस इतके दाट असतात की एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाच्या वर भरतात. याच केसांपायी रशियन आणि नंतरच्या व्यापाऱ्यांनी ते जवळजवळ संपवले होते. केस मळले की ऊब गेली, म्हणून ते सतत अंग घासत आणि चाटत असते, आणि शरीर तापते ठेवण्यासाठी रोज स्वतःच्या वजनाच्या चतुर्थांशाइतके खाते. १९८९ च्या मार्चमध्ये एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून सांडलेले तेल वाहत या किनाऱ्यावर आले तेव्हा पाणमांजरे इतक्या मोठ्या संख्येने का मेली, हे त्या केसांकडे पाहिले की कळते.

देवमासा शोधण्यासाठी देवमासा शोधू नये. क्षितिजाखालच्या पाण्यावरून नजर संथपणे फिरवावी आणि धुरासारखा एखादा उभा ठिपका दिसतो का ते पाहावे. तो त्याचा उच्छ्वास असतो आणि वाऱ्यावर काही क्षणांत विरतो. निवेदक दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतो: बोटीचे नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. हे आधीच पाठ असलेला प्रवासी ‘दोन वाजता’ ऐकताच योग्य जागी बघतो, बाकीचे मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. जूनमध्ये इथे दिसणारे हम्पबॅक जातीचे देवमासे हिवाळा मुख्यतः हवाईच्या उबदार पाण्यात काढून खाण्यासाठी उत्तरेला आलेले असतात. काही उथळ बुड्यांनंतर पाठ उंच कमानदार झाली आणि शेपूट पूर्ण वर आली की तो खोल गेला असे समजावे. मग तो पाच-दहा मिनिटे तरी दिसत नाही. शेपटीच्या खालच्या बाजूची काळीपांढरी नक्षी प्रत्येक हम्पबॅकची वेगळी असते आणि संशोधक त्यावरूनच त्याची ओळख पटवतात. तेव्हा छायाचित्र घ्यायचे तर उडीच्या आशेवर न राहता शेपटीचे घ्यावे.

ओर्कांचे दोन प्रकार इथे वावरतात आणि त्यांच्यात फरक करता आला तर पाहण्याची गोडी वाढते. एक मासे खाणारे, मोठ्या कुटुंबाने राहणारे आणि बडबडे. दुसरे सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सागरी प्राणी) यांची शिकार करणारे, लहान टोळ्यांचे आणि शिकारीच्या वेळी अगदी मुके, कारण त्यांचे भक्ष्य त्यांचा आवाज ओळखते. या दुसऱ्या प्रकारातला एटी-१ नावाचा एक गट या पाण्यातला आहे. तेलगळतीनंतर त्यातले बरेच सदस्य नाहीसे झाले आणि १९८४ नंतर त्यात पिल्लू जन्मल्याची नोंद नाही. उरलेले ओर्का संपले की तो गट संपणार. बोटीच्या नाकापुढे वेगाने पाणी कापत धावणारे काळेपांढरे छोटे जीव दिसले तर ते ओर्काचे पिल्लू नव्हे, डॉल्स पॉरपॉइज असतात. दर फेरीत कोणी तरी ही चूक करतेच.

चिसवेल बेटे हा माझ्या मते या सफरीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ती उद्यानात मोडत नाहीत. अलास्का मेरिटाइम या संरक्षित वन्यजीव क्षेत्राकडे त्यांची देखभाल आहे. भूपट्टांच्या हालचालींमुळे हा किनारा हळूहळू खचत आला आहे. २७ मार्च १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपात तर सीवर्डजवळची जमीन एका झटक्यात सुमारे मीटरभर खाली गेली आणि त्सुनामीने बंदर उद्ध्वस्त केले. म्हणजे बेटे म्हणून जी दिसतात ती बुडालेल्या डोंगरांची शिखरे आहेत, आणि त्यांच्या कपारींत पफिन अंडे घालतो. शिंगाळ्या आणि तुरेवाला अशा पफिनच्या दोन्ही जाती इथे सापडतात. पहिल्याचे पोट पांढरे असते, दुसऱ्याचे सगळे अंग काळे आणि डोक्यामागे पिवळसर शेंड्या. पाण्यावरून उडायचा प्रयत्न करणारा, नुकताच पोटभर जेवलेला पफिन जरूर पाहावा: पंख पाण्यावर आपटत तो बराच वेळ धावतो आणि शेवटी उडण्याचा नाद सोडून देऊन बुडी मारतो. त्याचे पंख हवेपेक्षा पाण्यात पोहण्यासाठी अधिक घडलेले आहेत. त्याच बेटांवर स्टेलर समुद्रसिंहांची वीण होते. त्यांचा वास बहुधा त्यांच्याआधी बोटीवर पोहोचतो. पूर्ण वाढलेला मोठा नर हजार किलोंच्याही वर भरू शकतो, तरीही अलास्काच्या पश्चिम भागातली ही प्रजा १९९७ पासून धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

यानंतर हिमनदी. अयालिक उपसागरात आत शिरताना पाण्याचा रंग आधी निळ्याचा हिरवा आणि मग दुधाळ करडा होत जातो. हिमनदीने खडक दळून केलेले पीठ त्यात मिसळलेले असते. हवा एकदम गार होते, कारण बर्फावरची थंड आणि जड हवा उताराने खाली वाहत येते. मग बोटीभोवती बर्फाचे तुकडे जमू लागतात आणि कप्तान इंजिन मंद करतो. त्या वेळी सर्वांना गप्प राहायला सांगावे. तुकड्यांतून बारीक तडतड ऐकू येते, तव्यावर मोहरी फुटावी तशी. बर्फात दाबाखाली कोंडलेली हवा बर्फ वितळताना सुटते, त्याचा तो आवाज आहे. एकदा दाट धुक्यात आम्ही अयालिकसमोर पाऊण तास उभे होतो आणि भिंत क्षणभरही दिसली नाही. बोटीवरचे लोक नाराज होते. मग तडतडीच्या वर तोफेसारखा एक आवाज झाला, धुक्यातून लाट आली, बोट हलकेच वर उचलली गेली, आणि जवळच्या तुकड्यावरची सीलची मादी मान वर करून त्याच दिशेला बघू लागली. नंतर परतीच्या वाटेवर लोक दुसरे काही बोलतच नव्हते.

कडा कोसळताना पाहायचा असेल तर कानांवर विसंबू नये. बोट भिंतीपासून साधारण चारशे मीटर किंवा त्याहून लांब थांबते आणि आवाजाला तेवढे अंतर यायला सेकंदाहून अधिक लागतो. मोठा कडा कोसळताना दिसतो तेव्हा आरंभी तो निःशब्दच असतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त लाट दिसते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी कॅमेऱ्याची काच बदलत असताना त्या महिन्यातला सर्वांत मोठा कडा पडला, आणि मला दिसले ते सहप्रवाशांचे आ वासलेले चेहरे. म्हणून भिंतीचा एकच भाग निवडून त्यावर नजर ठेवावी. जिथून बारीक खडे सतत घरंगळत आहेत किंवा जिथला खांब बाकीच्यांपासून सुटून पुढे कलला आहे, तो भाग निवडावा. पाण्यावरही लक्ष असू द्यावे. कधीकधी बुडालेल्या भागातून तुटलेला गडद निळा तुकडा खालून अचानक उसळून वर येतो. बोट इतकी लांब का उभी राहते, याचे एक कारण तेच आहे.

निळ्या रंगाबद्दल नेहमी विचारणा होते. वर्षानुवर्षांच्या दाबाने बर्फातले बुडबुडे बारीक होतात आणि बर्फ घट्ट होतो. अशा बर्फात प्रकाश खोलवर जातो, त्यातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा परत येतो. ढगाळ दिवशी हा निळा अधिक गहिरा दिसतो. सीवर्डला पाऊस सतत असतो, त्यामुळे ही माहिती दिलासा म्हणून जवळ ठेवावी. ढगाळ दिवशी पाण्यावर चकाकीही नसते आणि देवमाशांचे फवारे शोधणे सोपे जाते.

अंतराचे नियम कायद्याचे आहेत. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार प्राण्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे आणि अलास्कात हम्पबॅकपासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, दूर राहावे लागते. बर्फावरच्या सीलबाबत कप्तान याहूनही सावध असावा. बोट पाहून मादीने पाण्यात उडी घेतली तर पिल्लू तुकड्यावर एकटे राहते आणि बर्फ सतत वाहत असल्याने दोघांची चुकामूक होऊ शकते. बोट अजून जवळ का नेत नाही, असे कप्तानाला विचारू नये, एवढीच विनंती.

कपड्यांबद्दल थोडक्यात: उन्हाळा असला तरी लोकरीचा थर, त्यावर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट, टोपी आणि हातमोजे लागतातच. सुती कपडे ओले झाले की अंगावर थंडी धरून ठेवतात. दुर्बीण आठ पटींची पुरे, त्याहून मोठी हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

बोट दुपारी उशिरा परत आली आणि आईवडिलांमध्ये त्राण असेल तर थोडे खाऊन एक्झिट हिमनदीकडे जावे. गावापासून गाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते आणि या उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. जंगलातून जाणारी सुरुवातीची वाट सोपी आहे. वडिलांना दम लागत असेल तर वरच्या चढाच्या आधी थांबून नदीच्या पात्राकडून बर्फ पाहिला तरी चालतो. रस्त्याच्या आणि वाटेच्या कडेने वर्षांचे फलक लावले आहेत, १८१५ पासून पुढे, आणि त्या त्या वर्षी बर्फ तिथवर होता असा त्यांचा अर्थ आहे. १९१७ चा फलक दाट झाडीत आहे. उपग्रहचित्रांवरून केलेल्या एका अभ्यासात १९८४ ते २०२१ या काळात या किनाऱ्यावरच्या १९ हिमनद्यांपैकी १३ लक्षणीय मागे सरल्या, ४ जवळपास स्थिर राहिल्या आणि २ पुढे आल्या. समुद्राला भिडलेली हिमनदी मागे सरत जमिनीवर चढली की तिचे तुकडे पाण्यात पडणे थांबते, आणि मग सीलला जूनमध्ये पिल्लू ठेवायला ती तरंगती जागा तिथे उरत नाही. सकाळी बोटीवरून पाहिलेली मादी आणि संध्याकाळी झाडीत उभा असलेला तो फलक यांचा असा संबंध आहे, म्हणून वेळ उरल्यास एक्झिटला जावे, परंतु बोटीच्या ऐवजी नव्हे आणि बोटीच्या आधीही नव्हे.